खालून कापलेल्या दोन ओळी

बेसा, नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय ताराचंद आबाजींना मोनालीचा जय भीम.

आधी ओळख देते. मी बळीराम ढोके यांची नात. ते गेले तेव्हा मी नववीत होते. त्या दिवशी तुम्ही गोंदियाहून आलात, दारात पाच मिनिटं उभे राहिलात आणि पाणीही न घेता परत गेलात, एवढं मला आठवतं. परवा करिष्माआत्याला फोन केला तर ती म्हणाली, "बाबाले फोनवर काहीच ऐकू येत नाही वं. तू पत्र लिही. पत्र आलं का उत्तर देल्याबिगर ते जेवत नाहीत." म्हणून हे पत्र. जेवणाची वेळ बघूनच उघडा.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माझं काम सोपं: कागद दाखवा, मग माल सोडते. तोंडी सांगितलेलं मी ऐकून घेते आणि माल बाजूला ठेवते. आता हाच न्याय माझ्यावर उलटला आहे. नेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. तिथे कुणीही लिहू शकतं, पण लिहिलेल्याला छापील, भरवशाचा आधार लागतो. मी तिथे आजोबांच्या वाचन मंडळावर लेख लिहिला. नागपुरातल्या इंदोरा वस्तीत आमच्या ओसरीवर विड्या वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या आणि आजोबा त्यांना रोज दुपारी पेपर वाचून दाखवायचे. छप्पनच्या दीक्षेनंतर वर्षभरात सुरू झालेली ही गोष्ट आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. पण घरात पाठ असणं हा काही आधार नाही. एका संपादकाने माझ्या लेखावर पट्टी लावली: "विश्वसनीय संदर्भ नाहीत. ५ ऑक्टोबरपर्यंत न मिळाल्यास लेख वगळावा."

तुम्ही तेव्हा 'दीपमार्ग' साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे ना? मंडळाबद्दल काही छापून आलं होतं का? एक कात्रण मिळालं तरी मी लेख वाचवून दाखवते.

तुमची,
मोनाली

*

गोंदिया
२९ ऑगस्ट

चि. मोनाली,

पत्र साडेबाराला आलं. करिष्माने ताट वाढलं होतं, ते झाकून ठेवून लिहितो आहे. तुझ्या आत्याने चुगली केलीच आहे, तर ती खरी तरी ठरू दे.

छापलेलं म्हणजे भरवशाचं, असं तुझ्या ज्ञानकोशाला वाटतं हे वाचून मला हसू आलं. मी एकेचाळीस वर्षं छापखान्यात काढली. यंत्राच्या खडखडाटाला दोन्ही कान देऊन बसलो. छापलेलं कसं छापलं जातं हे ज्याने पाहिलं तो असा भाबडेपणा करणार नाही.

मंडळ होतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारी दोन ते चार. वाचणाऱ्या बाईच्या हातून तेवढा वेळ विड्या होत नसत, म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्यातल्या दहा विड्या तिच्या सुपात टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी चुकवतही नव्हतं. हे तुझ्या लेखात नसेल तर घाल.

कात्रण मात्र माझ्याकडे नाही. जुने कागद वाळवीने खाल्ले. शहाणी असशील तर हा नाद सोड. बळीराम चांगला माणूस होता, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

ताराचंद नंदेश्वर

*

बेसा
३ सप्टेंबर

आबाजी,

नाद सोडायचा असता तर तपासणी विभागात कशाला आले असते?

दोन गोष्टी. पहिली गंमत. माझा चुलतभाऊ पियुष उड्या मारत आला, "ताई, पुरावा भेटला!" एका बातम्यांच्या संकेतस्थळावर मंडळावर आख्खा मजकूर होता. वाचत गेले तर प्रत्येक वाक्य ओळखीचं. ज्ञानकोशातला माझाच लेख कुणीतरी उचलून लावला होता! आपलीच भाजी शेजारणीच्या वाटीतून परत यावी आणि आपण म्हणावं, वा, काय चव आहे, तसा प्रकार. पियुष म्हणतो, "लावून दे ना, कोणाले समजते?" मला समजतं, तेवढं पुरे आहे. नाही लावला.

दुसरी गोष्ट कामाची. रविवारी सदर भागातल्या एका जुन्या ग्रंथालयात बसले. विडी कामगार स्त्रियांवरचं १९७८चं पुस्तक सापडलं. पान ११२ वर तुमच्या त्या दहा विड्या जशाच्या तशा आहेत! इंदोऱ्याचं नाव आहे, ओसरी आहे, पण माणसाचं नाव एकही नाही. म्हणजे मंडळ होतं एवढं सिद्ध झालं. कुणी केलं, ते राहिलं. 'दीपमार्ग'ची फाइल तिथे नाही.

आणि आबाजी, तुम्ही लिहिता 'वाचणारी बाई'. आमच्या घरी सांगतात आजोबा वाचायचे. कोण होती ही बाई? ज्याचे सगळे कागद वाळवीने खाल्ले, त्याला दोन ते चार ही वेळ एवढ्या वर्षांनी इतकी पक्की कशी आठवते? तुमच्याकडे काहीतरी आहे. मी वाट बघते.

मोनाली

*

गोंदिया
८ सप्टेंबर

चि. मोनाली,

सोबत कात्रण आहे. 'दीपमार्ग', रविवार, १३ ऑगस्ट १९६१, पान तीन. मूळ आहे, जपून ठेव.

वाचणाऱ्या बाईचं नाव रुखमाबाई गजघाटे. आता नाही ती. मूलबाळ नव्हतं.

तुझं काम झालं. जास्त विचारू नको.

ताराचंद

*

बेसा
१२ सप्टेंबर

आबाजी, तुमचं तोंड गोड करायला हवं!

पाकीट उघडलं आणि मी ओरडलेच. मथळा 'श्री. बळीराम ढोके यांचा स्तुत्य उपक्रम'. खाली सहा ओळी: इंदोऱ्यातील विडी कामगार स्त्रियांसाठी श्री. ढोके यांच्या ओसरीवर चार वर्षांपासून वाचन मंडळ चालते, रोज दुपारी वर्तमानपत्र वाचले जाते, तीस स्त्रिया येतात. अंक, तारीख, पान, सगळं जिथल्या तिथे. बाबांनी कात्रण दोन्ही हातांनी धरलं आणि मथळा दोनदा वाचला. मग म्हणाले, "पाहा वं, मी काय सांगत होतो? माह्या आबानंच सुरू केलं." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी लगेच संदर्भ जोडला. पट्टी लावणाऱ्या संपादकाने उत्तर दिलं: "उत्तम. आता लेख राहील असे दिसते." म्हणजे आता जगात कुठेही कुणी शोधलं तर पहिल्याच ओळीत दिसेल: संस्थापक, बळीराम ढोके. रुखमाबाईंचा उल्लेख खाली केला आहे, 'मंडळात वाचन करणाऱ्यांपैकी एक' असा. त्याला आधार नाही म्हणून तो बहुधा निघेल, पण संस्थापकाला आता धक्का नाही.

हे सगळं तुमच्यामुळे झालं. आजोबा असते तर तुम्हाला मिठीच मारली असती.

मोनाली

*

गोंदिया
१७ सप्टेंबर

चि. मोनाली,

तुझं पत्र आल्याला तीन दिवस झाले. माझ्या आयुष्यात उत्तराला लागलेले हे सगळ्यात जास्त दिवस. जेवलो, पण गोड लागलं नाही.

'वाचन करणाऱ्यांपैकी एक' हे वाचलं आणि ठरवलं की आता लिहायचं.

ती बातमी बळीरामने स्वतः लिहून माझ्या हातात दिली होती. आठ ओळींची. तू पाहिलेल्या सहा, आणि खाली आणखी दोन: "या मंडळाची कल्पना व वाचन सर्वस्वी रुखमाबाई गजघाटे यांचे आहे. मी फक्त ओसरी दिली." बळीराम भाषण करतात तसं लिहायचा, मुख्य गोष्ट शेवटी. आणि छापखान्याची रीत याच्या उलट. बातमी जागेत बसत नसेल तर खालून कापायची. शनिवारी संध्याकाळी ऐनवेळी एका हकिमाच्या औषधाची जाहिरात आली. ती बसवायला दोन ओळींची जागा हवी होती. संपादक लग्नाला गेले होते. मी एकोणीस वर्षांचा, घाईत होतो. रीतीप्रमाणे खालच्या दोन ओळी काढल्या आणि खिळे परत खणांत टाकले. वाचूनसुद्धा पाहिलं नाही गं. संपादकांनी आल्यावर उरलेलं वाचलं, 'माझ्या ओसरीवर' होतं तिथे 'श्री. ढोके यांच्या ओसरीवर' केलं आणि त्यावरून मथळा दिला.

रविवारी अंक पाहिला, बळीरामने लिहून दिलेला कागद शेजारी धरला, तेव्हा कळलं मी काय कापलं होतं. आणि पेपरातलं सगळं रुखमाबाई मोठ्याने वाचायची. दीक्षेनंतर रात्रीच्या वर्गात अक्षर ओळखायला शिकलेली बाई. एकदा मी तिला म्हटलं होतं, "रुखमाबाई, कंटाळवाणं असंन ते सोडून देत जा." ती म्हणाली, "काहून सोडू गा? ज्यानं लिहिलं त्यानं मेहनत केली. आपण कापणारे कोण?" आता ही बातमीही तिने वाचली असणार, तीस जणींसमोर. जे तिने उभं केलं ते दुसऱ्याचं म्हणून तिनेच वाचून दाखवलं असणार.

त्याच आठवड्यात मी गोंदियाच्या छापखान्यात काम धरलं. पगारासाठी आलो असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पळून आलो. पुढे एका लग्नात बळीराम भेटला. लोक त्याला 'वाचन मंडळवाले' म्हणत होते आणि तो हसत होता. मला वाटलं, यालाही ते गोड लागायला लागलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कात्रण मात्र ठेवलं, काट्यासारखं.

आता तुझा न्याय तूच कर. माझ्या सांगण्याला तुझ्याकडे किंमत नाही, हे मला माहीत आहे. छापील हवं ना तुला? छापील खोटं आहे आणि खरं ते फक्त एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे.

ताराचंद

*

बेसा
२१ सप्टेंबर

आबाजी,

तुमचा राग आला. आजोबांवर तुम्ही शंका घेतली याचा जास्त आला. तोंडावर विचारलं असतं तर काय झालं असतं? असो. राग बाजूला ठेवून मी काय केलं ते सांगते.

लेखातून 'संस्थापक' हा शब्द काढला. चर्चेच्या पानावर लिहिलं: मी बळीराम ढोके यांची नात आहे, ही बातमी अपुरी छापली गेली असं मला कळलं आहे, आधार मिळेपर्यंत संस्थापकाची जागा रिकामी ठेवते आहे. तो संपादक गोंधळला. म्हणाला, छापील संदर्भ हातात असताना तो तुम्ही स्वतः का काढता? मी म्हटलं, माल खराब आहे हे कळल्यावर नुसत्या कागदावर मी तो सोडत नाही. तो म्हणाला, मग मंडळाचं नुसतं नाव उरतं, एवढ्यावर लेख टिकणार नाही. त्याचं बरोबर आहे.

बाबा तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल म्हणाले, "काहून वं मोना, आपल्याच आज्याचं नाव आपल्याच हातानं पुसून राहिली का तू?" मी म्हटलं, "बाबा, आजोबानं स्वतः लिहिलं होतं, मी फक्त ओसरी दिली. मी त्याहिचंच आयकून राहिली." ते उठून गेले.

पण मी हरलेली नाही, हे लक्षात ठेवा. पेपर आठवड्याला निघायचा. वर्षाला बावन्न अंक. रुखमाबाईंसारखी बाई पुढे एकदाही कुठल्या अंकात आली नसेल, हे मला पटत नाही. 'दीपमार्ग'चे अंक कुणाकडे असतील? तुम्ही त्या छापखान्यात होता, डोकं चालवा. चौदा दिवस आहेत.

मोनाली

*

गोंदिया
२५ सप्टेंबर

चि. मोनाली,

राग आला हे लिहिलंस ते बरं केलंस. मला एवढंही जमलं नव्हतं.

डोकं चालवलं. विश्वनाथ म्हणून एक जण सायकलवर आमचा अंक विकायचा. प्रत्येक अंकाची एक प्रत स्वतःसाठी राखायचा आणि वर्षाच्या शेवटी बांधून घ्यायचा. तो गेला. त्याचा मुलगा मधुसूदन जुन्या पुस्तकांचा धंदा करतो. दीक्षाभूमीवर दरवर्षी दुकान लावतो असं ऐकून आहे. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. पुस्तकांची शेकडो दुकानं असतात, तेव्हा पायात चांगल्या चपला घाल.

१९६१ची बांधीव फाइल असली तर ऑगस्टनंतरचे अंक बघ. मी स्वतः पुढे एकही अंक उघडला नाही. हिंमत झाली नाही.

ताराचंद

*

बेसा
६ ऑक्टोबर

आबाजी,

आधी ताट झाकून ठेवा. मग पुढे वाचा.

दोन तारखेला सकाळी सातला गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं चारी बाजूंनी येत होती आणि मी एकेका दुकानात विचारत चालले होते, मधुसूदन कुठे बसतात? बारा वाजता बाबांचा फोन आला. मी म्हटलं, अजून नाही सापडले. तर म्हणतात, "मागं पाहा." मागे उभे! पाण्याची बाटली घेऊन आले होते. म्हणाले, "तू त्या लाइनीत पाहा, मी ह्या लाइनीत पाहतो." आणि बाबांनाच सापडले. झाडाखाली प्लास्टिक अंथरून बसले होते. १९६१ विचारलं तर म्हणाले, "ते विकायचं नाही. बापाची आठवण आहे." मग मी सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी शेजारच्या दुकानदाराला आपल्या मालावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्हाला घरी नेलं.

फार शोधावं लागलं नाही. २७ ऑगस्ट १९६१, पान दोन, वाचकांची पत्रे. उतरवून देते:

"संपादक महाशय, १३ तारखेच्या अंकात मथळ्यावर माझे नाव आहे. ओसरी माझी आहे. उपक्रम माझा नाही. या मंडळाची कल्पना व वाचन सर्वस्वी रुखमाबाई गजघाटे यांचे आहे. मी फक्त ओसरी दिली. हे मी मूळ बातमीतही लिहिले होते. जुळवणारा माझा मित्र आहे, त्यास जागा पुरली नसेल; त्यास कोणी बोल लावू नये, मीच मुख्य गोष्ट शेवटी लिहिली. परंतु ती बातमी रुखमाबाईंनी स्वतः सर्वांसमोर मोठ्याने वाचली, एक शब्द न बदलता. तेव्हा हेही त्यांना वाचता यावे म्हणून अवश्य छापावे. आपला, बळीराम नथ्थू ढोके, इंदोरा."

तुम्ही मला लिहिलेल्या दोन ओळी आणि या पत्रातल्या दोन ओळी मी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. माझं कामच आहे ते. काहीही फरक नाही, आबाजी.

बाबा त्या अंगणात खाली बसले आणि हसले. म्हणाले, "माहा आबा चूप राहणारा नोहताच." मला वाटतं, आजोबांना वाटलं असणार की पेपरात आलं म्हणजे तुम्हीही वाचलं. तुम्ही अबोला का धरला हे त्यांना कधी कळलंच नसेल. त्या लग्नात ते तुमच्याकडे बघून हसले असतील.

मधुसूदनकाकांनी तो खंड सदरच्या ग्रंथालयाला नोंदीसाठी आणि छायाचित्रं काढायला दिला आहे, म्हणजे आता कुणालाही जाऊन तपासता येईल. लेखात तीन संदर्भ लावले: बातमी, पत्र आणि १९७८चं पुस्तक. काल चर्चा बंद झाली. निकाल: लेख ठेवावा. पहिली ओळ आता अशी आहे: "दुपारचे वाचन मंडळ रुखमाबाई गजघाटे यांनी १९५७ साली इंदोरा, नागपूर येथे सुरू केले." ओसरी आजोबांची, हे दुसऱ्या ओळीत. बाबांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "बराबर आहे."

छायाचित्र मोठं करून छापून सोबत पाठवते आहे.

मोनाली

*

गोंदिया
१० ऑक्टोबर

चि. मोनाली,

पाकीट काल आलं. उत्तर आज लिहितो आहे, कारण काल लिहिता आलं नाही.

'जुळवणारा माझा मित्र आहे.' हे माझ्या आयुष्यातलं वाक्य चौसष्ट वर्षं पान दोनवर पडून होतं आणि मी तो पेपर उघडला नाही. बळीराम गेला त्या दिवशी मी दारातून परत फिरलो, याचं आता फार वाईट वाटतं. तुझ्या बाबांना सांग, मी दिवाळीनंतर करिष्माला घेऊन येतो. ओसरी राहिली असली तर तिथे बसेन, नसली तर जिथे होती तिथे बसेन.

तुझ्या ज्ञानकोशाला मी हसलो होतो. ते शब्द परत घेतो, पण सगळे नाही. छापलेल्यावर विश्वास ठेव, पण पुढचा अंकही बघ, एवढं त्यात घाल म्हणावं.

काल बळीरामचं ते पत्र मनात वाचलं आणि समाधान होईना. म्हणून करिष्माला समोर बसवून मोठ्याने वाचलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो भलताच चढला असावा. शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या आणि हाताने विचारू लागल्या, काय झालं? मी त्यांना आत बोलावून बसवलं आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं, एक शब्द न बदलता, अगदी खालच्या ओळीपर्यंत.

ताराचंद